विमानाला किती वेळ लागेल, घरबसल्या काढा

कोल्हापूरहून तिरुपतीला विमानाने किती वेळ लागेल, हे रस्त्याच्या किलोमीटरवरून कळत नाही.

१. गूगल मॅप्सवर उजळाईवाडी विमानतळावर बोट दाबून ठेवा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि नकाशा तिरुपती विमानतळापर्यंत सरकवा. सरळ रेषेत साधारण ६५० किमी येतात.
२. एटीआर, म्हणजे पंख्यावर (प्रोपेलरवर) चालणारं छोटं विमान, तासाला साधारण ५०० किमी जातं; म्हणून ५०० ने भागा.
३. धावपट्टी, चढ-उतार यांचा अर्धा तास मिळवा. झाले पावणेदोन तास! छोट्या विमानतळांसाठी हा अंदाज मला फार उपयोगी वाटतो.

तिकिटावर याच्या दुप्पट वेळ दिसला, तर विमान मध्ये कुठेतरी थांबतंय किंवा बदलायचं आहे. वयस्कर माणसं सोबत असतील तर पैसे भरण्याआधी हे नक्की बघा.