मोबाईल पाण्यात पडला तर चार्जिंगला लावायची घाई करू नका

मागच्या पावसाळ्यात धाकटा भाऊ मोटर चालू करायला वाकला अन् शर्टाच्या खिशातला मोबाईल सरळ हौदात. लगेच काढला, चालू पण होता, म्हणून घरी येऊन पुसला अन् चार्जिंगला लावला, तर थोड्या वेळात स्क्रीनवर रेघा आल्या अन् बंदच पडला. दोन दिवसांनी तालुक्याला नेऊन दुकानात उघडला तर बॅटरीच्या कनेक्टरजवळ हिरवट थर चढलेला. फोन एक वेळ नवा घेता येतो हो, पण आजीचे फोटो त्यातच होते.

म्हणून सांगतो, नुसत्या पाण्यापेक्षा फोनच्या आतल्या ओल्या बोर्डात (सगळे पार्ट बसवलेली सर्किटची पट्टी) करंट फिरला की जास्त वाट लागते. त्यात आपल्याकडं बोअरच्या पाण्यात क्षार लई, बादलीला पांढरा थर बसतो बघा, पाणी वाळलं तरी ते क्षार बोर्डावर तसेच राहतात.

तर पडला की आधी स्क्रीन पुसून फोन बंद करा. बंदच पडला असेल तर चालू होतो का बघायला बटण दाबू नका, सगळ्यात जास्त चूक इथंच होते. कव्हर काढा, सिमचा ट्रे काढा, बटणाचा फोन असेल तर बॅटरी पण काढा. चार्जिंगचं तोंड खाली धरून तळहातावर हळूच आपटा, फुंकर मारू नका, कापूस कोंबू नका. मग सावलीत फॅनसमोर एक-दोन दिवस ठेवा. पत्र्यावर उन्हात नको, हेअर ड्रायर नको.

अन् तांदळाच्या डब्यात, ज्वारीच्या पोत्यात घालायचं तर सोडूनच द्या. आतलं पाणी त्यानं ओढलं जात नाही, उलट ज्वारीची भुकटी चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते. ॲपलनं पण 2024 मध्ये तांदूळ नको असं सांगितलंय.

तेवढ्या वेळात सिम पुसून दुसऱ्या फोनात टाका, बँकेचा नाहीतर पीक विम्याचा ओटीपी कधी येईल सांगता येत नाही.

चहा, साबणाचं पाणी किंवा फवारणीचं औषध सांडलं असेल तर वाळवत बसू नका, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडं न्या, औषध असेल तर त्याला आधीच सांगा, हातमोजे घालील बिचारा. बोर्ड आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोर्ड साफ करायचं स्पिरिट) धुणार का, अल्ट्रासोनिक मशीन (ध्वनिलहरींनी बारीक घाण काढणारं) आहे का हे विचारा, अन् फोटो पाहिजेत हे पहिल्यांदा सांगा म्हणजे तो त्या हिशेबानं काम करतो.

फोनच्या खोक्यावर आयपी 68 (धूळ-पाणी आत जाऊ न देण्याचं रेटिंग) लिहिलंय म्हणून बिनधास्त राहू नका, ती टेस्ट साध्या स्वच्छ पाण्यात होते अन् फोन जुना झाला, पडला की आतलं सील ढिलं होतं. बऱ्याच फोनात सिमच्या खाचेत एक पांढरी खूण असते, पाणी लागलं की ती लाल होते, अन् ती लाल दिसली की वॉरंटीत सहसा काही मिळत नाही.

पुरता वाळला की आधी चार्जर न लावता चालू करून बघा. चालला तर पहिल्यांदा फोटो अन् नंबर दुसरीकडं घ्या, चार्जिंग नंतर, अन् तेव्हा जवळच बसा. मागून फुगला किंवा गरम लागला तर चार्जर लगेच काढा, दाबू-टोचू नका अन् उशाला तर अजिबात ठेवू नका, थेट दुकानात न्या.