क्लॅमिडोमोनस उजेडाकडे वळतं ते कसं बघायचं

या प्रयोगाला क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय हिरवं शैवालच हवं. क्लोरेलाही हिरवं आणि एकपेशीयच, पण त्याला कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे चाबकासारखे धागे, नसतात. ते तळाशी बसून राहतं.

आगरच्या जेलीवर वाढलेल्या पेशी लगेच वापरू नका. त्यांच्या कशाभिका बहुतेक वेळा आखूड असतात किंवा नसतातच. पातळ माध्यमात कालवून त्या काही तास मंद उजेडात ठेवा, मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. पेशी झपाझप पोहत नसतील तर पुढचा खटाटोप वाया जाईल.

९ सेंटीमीटरच्या पेट्री डिशमध्ये ४-५ मिलिमीटर उंचीपर्यंत हे द्रावण ओता. रंग फिकट पोपटी असावा. दाट झालं तर पुढच्या पेशी मागच्यांचा उजेड अडवतात. डिश काळ्या कागदात गुंडाळून एका बाजूला १ सेंटीमीटरची फट ठेवा आणि हातभर अंतरावर मंद निळा किंवा हिरवा एलईडी लावा. जुना पिवळा बल्ब नको: पाणी तापून प्रवाह सुरू होतात आणि पेशी त्यांच्याबरोबर वाहतात. पेशीचा वेग सेकंदाला सुमारे १०० मायक्रोमीटर, म्हणजे डिश ओलांडायला पंधरा मिनिटं. वीस मिनिटांनी कागद काढा, फटीपाशी हिरवी कड दिसेल. शेजारी फट नसलेली डिश ठेवली असेल तरच या कडेला अर्थ.

पेशीच्या कडेला नारिंगी नेत्रबिंदू असतो. उजेड टिपतात ती त्याच्यावरच्या पटलातली चॅनलरोडॉप्सिन प्रथिनं. खालचे कॅरोटिनॉइड या नारिंगी रंगद्रव्याचे थर आरशासारखे उजेड त्यांच्याकडे परतवतात आणि मागून येणारा अडवतात. पेशी सेकंदाला साधारण दोन गिरक्या घेत पोहते. उजेड बाजूने येत असेल तर दर गिरकीला तो प्रथिनांवर पडतो नि हटतो, कॅल्शियम आत शिरतं, दोन कशाभिकांचे फटकारे कमीजास्त होतात आणि पेशी वळते. उजेड नाकासमोर आला की ही उघडझाप थांबते, पेशी सरळ जाते.

वळायला कॅल्शियम लागतं, म्हणूनच निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात पेशी पोहतात, पण वळत नाहीत. लिटरला ५० मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पुरतं. कड फटीच्या विरुद्ध बाजूला जमली तर उजेड जास्त झालाय, एलईडी लांब न्या. लाल एलईडीकडे त्या वळत नाहीत, प्रकाशसंश्लेषणाला लाल उजेड चालत असूनही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर लाल फिल्टर चढवा, म्हणजे बघताना त्यांची दिशा बिघडत नाही.