कोरियात लेन्स घेताना: इंग्रजी शब्दावर न विसंबता नेमका कोरियन शब्द कसा शोधावा

सुवॉनला नोकरीसाठी गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने एकदा रात्री व्हिडिओ कॉल केला. एका हातात पुण्याहून नेलेली लेन्सच्या औषधाची रिकामी बाटली, दुसऱ्या हातात तिथल्या मार्टमधून आणलेली छोटी, प्रवासात नेतात तशी बाटली. जुन्या बाटलीवर इंग्रजीत ‘कंडिशनिंग सोल्युशन’ (लेन्स रात्रभर ठेवायचं द्रावण) होतं, म्हणून त्याने दुकानात कंडिशनर मागितला. दुकानातल्या बाईंनी फळीवरून काढून ही बाटली हातात दिली. तिच्यावर हांगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, दोनच अक्षरं होती: रिन्सु. रिन्स म्हणजे खळबळून धुणं, तेव्हा हे लेन्स धुवायचंच पाणी असणार, असा अर्थ त्याने लावला. पण कोरियात ‘रिन्सु’ म्हणजे शाम्पूनंतर केसांना लावायचं कंडिशनर. लेन्स त्यात बुडवण्याआधी त्याला विचारावंसं वाटलं, हे नशीब.

तेव्हापासून कोरियाला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते. इंग्रजी शब्दाचा कोरियन प्रतिशब्द शोधू नका. वस्तू कोणती, त्रास कोणता, हे आधी मराठीत पक्कं करा आणि मग त्याला तिथले लोक काय म्हणतात ते शोधा. रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कंपन्यांमधून तिकडे जाणारे, शिकायला जाणारे, सगळ्यांनाच हे लागू आहे. कामाचं इंग्रजी सगळ्यांचं चांगलं असतं. डोळ्याच्या बाबतीत अडतं ते नेमकं तिथेच.

पहिली पायरी: शब्द देवनागरीत लिहून घ्या

रोमन लिपीतलं कोरियन आपल्या कानाला फसवतं. ‘क’ आणि ‘ख’, ‘त’ आणि ‘थ’ हा फरक कोरियनमध्ये महत्त्वाचा आहे. रोमनमध्ये तो पुसट होतो, देवनागरीत नीट उतरतो. कॉन्टॅक्ट लेन्सला कोरियन माणूस ‘खोन्थेक्थु रेन्जु’ म्हणतो. शेवटचा ‘उ’ ओठांचा चंबू न करता, जवळजवळ गिळून म्हणायचा. आपल्यासारखंच तिथेही ‘स’पुढे ‘इ’ आली की ‘शी’ होतो, म्हणून दृष्टी म्हणजे ‘शिऱ्यॉक’. त्यांचा ‘ज’ आपल्या ‘जीवन’मधला, ‘जहाज’मधला नव्हे. शब्दाच्या सुरुवातीचे ग, द, ब थोडे क, त, प यांच्याकडे झुकतात. मी ते ग, द, ब असेच लिहिले आहेत.

हांगुल लिपी मात्र शिकूनच जा. 1446 साली राजा सेजोङने ती जाहीर केली ती सामान्य माणसाला वाचता यावं म्हणूनच. मराठी माणसाला उच्चारानुसार लिहायची सवय असते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत अक्षरं ओळखू येतात.

दुसरी पायरी: एका इंग्रजी शब्दाचे तुकडे पाडा

‘कॉन्टॅक्ट’ घ्या. डोळ्यात घालायच्या असतील तर ‘खोन्थेक्थु रेन्जु’, आणि रोजच्या बोलण्यात नुसतं ‘रेन्जु’ पुरतं. त्वचेला एखादी वस्तू लागून पुरळ उठली असेल, तर तो संपर्क म्हणजे ‘जॉप्छोक’. ‘जॉप्छोकसॉङ पिबुयॉम’ म्हणजे संपर्काने झालेला त्वचादाह. दवाखान्याच्या अर्जावरचा ‘कॉन्टॅक्ट’ तिसराच. तिथे फोन नंबर हवा असतो, त्याला ‘यॉल्लाक्छॉ’ म्हणतात.

‘लेन्स’चंही तेच. बाहेरून घालतो ती ‘रेन्जु’, पण डोळ्याच्या आत जन्मापासून असतं ते भिंग ‘सूजॉङछे’. यातला ‘सूजॉङ’ म्हणजे स्फटिक. मोतीबिंदूत गढूळ होतं ते हेच. आईवडिलांना तिकडे नेणार असाल तर त्यांची जुनी फाइल काढून बघा. ‘लेन्स बसवली आहे’ असं लिहिलं असेल, तर ती ‘इन्गोङ-सूजॉङछे’, म्हणजे कृत्रिम भिंग. नुसतं ‘रेन्जु’ म्हणालात तर डॉक्टर आधी ‘काढून ठेवा’ म्हणतील.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘कंडिशन’चा होतो. ‘खॉन्दिश्यॉन’ हा शब्द कोरियनमध्ये रोजच्या वापरातला आहे, पण त्याचा अर्थ आज तब्येत कशी वाटते आहे, एवढाच. ‘खॉन्दिश्यॉन बरं नाही’ म्हणजे आज अंगात कसकस आहे, थकवा आहे. डॉक्टर ‘एनी मेडिकल कंडिशन?’ म्हणतात तेव्हा त्यांना आजार विचारायचा असतो. त्याला ‘जिल्ह्वान’ म्हणतात, आणि मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार ‘गिजॉ-जिल्ह्वान’. दिसणारं लक्षण म्हणजे ‘जुङसाङ’. मानसशास्त्रात पावलोवच्या कुत्र्यावरून आपण जे ‘कंडिशनिंग’ शिकतो, त्यातली प्रतिक्षिप्त क्रिया ‘जोक्कॉन-बान्सा’. आणि हार्ड लेन्स (आपल्याकडची ‘सेमी-सॉफ्ट’) ज्यात रात्रभर ठेवायची, त्या औषधाचा यातल्या एकाशीही संबंध नाही.

तिसरी पायरी: ‘नंबर’ म्हणजे काय ते ठरवा

आपण म्हणतो, ‘माझा नंबर मायनस तीन.’ कोरियात याला ‘दोस्सू’ म्हणतात. ‘शिऱ्यॉक’ म्हणजे किती स्पष्ट दिसतं ते, आणि ते दशांशात सांगतात: 1.0 म्हणजे आपलं 6/6, 0.5 म्हणजे 6/12, 0.1 म्हणजे 6/60. ‘शिऱ्यॉक किती?’ या प्रश्नाला ‘तीन’ असं उत्तर दिलंत तर समोरचा गोंधळणारच. ‘दोस्सू’ सांगताना मायनस-प्लस ठासून सांगा.

लांबचं न दिसणं ‘गुन्शी’, जवळचं न दिसणं ‘वॉन्शी’, चाळिशीचा चष्मा लागतो ते ‘नोआन’, आणि सिलिंडर (बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने लागणारा नंबर) असेल तर ‘नान्शी’. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ उलटा लागतो, इकडे लक्ष द्या. ‘गुन’ म्हणजे जवळ आणि ‘वॉन’ म्हणजे लांब. म्हणजे ज्याला जवळचं दिसतं तो ‘गुन्शी’वाला, आपल्या ‘लघुदृष्टी’सारखाच विचार. सिलिंडर ज्या कोनात असतो तो अक्ष ‘छुक’.

कागदावरची आणि डबीवरची अक्षरं बहुतेक इंग्रजीच असतात. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. बीसी म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता, साधारण 8.4 किंवा 8.6, डीआयए म्हणजे व्यास, 14.0 किंवा 14.2 वगैरे. हे दोन आकडे चष्म्याच्या कागदावर नसतात, म्हणून इथली लेन्सची रिकामी डबी फेकू नका, सोबत न्या. आणि चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला सांगू नका. चष्मा डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर पुढे असतो, लेन्स बुबुळालाच चिकटलेली असते. −4.00च्या पुढे हा फरक जाणवायला लागतो: चष्म्याचे −6.00 लेन्समध्ये साधारण −5.50 होतात.

वापरायची मुदत कोरियन पद्धतीने वर्ष, महिना, दिवस अशी लिहितात. 27.03.04 म्हणजे 4 मार्च 2027. तिच्याशेजारी ‘सायोङ-गीहान’ हे शब्द दिसतील.

चौथी पायरी: योग्य दारात जा

‘आन्ग्यॉङवॉन’ म्हणजे चष्म्याचं दुकान, तिथला परवानाधारक माणूस ‘आन्ग्यॉङसा’. लेन्स त्याच्याकडूनच घ्यायच्या. नंबर नसलेल्या, नुसत्या शोभेच्या रंगीत लेन्सनाही हाच नियम आहे, आणि 2012पासून कायद्याने ऑनलाइन विक्री रोखली आहे. मला हा नियम पटतो. बुबुळावर बसणारी वस्तू कुरियरने मागवायची नसते. बहुतेक दुकानांत नंबर तिथेच तपासून देतात. रोज टाकून द्यायच्या लेन्स ‘वॉन्दे-इ’, महिनाभराच्या ‘हान्दाल-योङ’.

डोळा दुखतोय, लाल झालाय, तर चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका. ‘आन्क्वा’ अशी पाटी शोधा, ते डोळ्यांचं क्लिनिक. तिथून मिळणारी चिठ्ठी ‘छॉबाङजॉन’, आणि औषध घ्यायचं ते ‘याक्कुक’. वाटेत शब्द अडला तर 1330 या पर्यटक हेल्पलाइनवर इंग्रजीत बोलता येतं. रुग्णवाहिकेसाठी 119.

पाचवी पायरी: बाटल्या ओळखा

इथे जरा थांबून, लक्ष देऊन वाचा. आपल्याकडे जिला ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात, ती कोरियात ‘हादु-रेन्जु’. ‘सेमी’ म्हणालात तर कोणाला कळणार नाही, आणि ‘सोफुथु-रेन्जु’च्या फळीकडे नेतील. हार्ड लेन्सचं काम दोन बाटल्यांचं असतं. एक क्लीनर. तो तळहातावर घेऊन लेन्स हलक्या बोटाने चोळायची आणि मग तो पूर्ण धुऊन काढायचा. क्लीनर डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. दुसरी कंडिशनिंगची. ते जंतू मारतं आणि लेन्सच्या पृष्ठभागावर ओलसर थर धरतं, म्हणून लेन्स घातल्यावर टोचत नाही. त्यात लेन्स किमान चार तास बुडलेली हवी. रात्रभर ठेवली की तो प्रश्नच उरत नाही. दुकानात ‘हादु-रेन्जु’ म्हणून मग ‘बोजोनेक’ मागा, म्हणजे साठवण्याचं द्रावण. ‘सेछॉगेक’ म्हणजे धुण्याचं, ‘सोदोक’ म्हणजे निर्जंतुक करणं. सगळं एकाच बाटलीत असलेली द्रावणंही मिळतात, पण ती हार्ड लेन्सची आहेत की सॉफ्टची हे विचारूनच घ्या.

‘शिग्यॉम्सू’ म्हणजे सलाइन, मिठाचं पाणी. लेन्सवरून ओघळवायला ठीक, पण ते जंतू मारत नाही. डबीत रात्रभर ठेवायला ते चालणार नाही. नळाचं पाणी तर कधीच नको, ते पिण्याइतकं स्वच्छ असलं तरी. पाण्यात राहणारा अकॅन्थअमिबा हा सूक्ष्म जीव बुबुळात शिरला तर दृष्टी जाऊ शकते, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात.

शिग्यॉम्सूमधला ‘यॉम’ म्हणजे मीठ. आजाराच्या नावाशेवटी येणारा ‘यॉम’ म्हणजे दाह, सूज. दोन्ही लिहायचे सारखेच, शब्द वेगळे. हा दुसरा ‘यॉम’ ओळखता आला की निम्मी फाइल वाचता येते. ‘गाङ्माक’ म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ‘गाङ्माङ्न्यॉम’ त्याचा दाह. ‘ग्यॉल्माक’ म्हणजे पांढऱ्या भागावरचं आवरण, आणि ‘ग्यॉल्माङ्न्यॉम’ म्हणजे आपले ‘डोळे आले’. साथीच्या एका प्रकाराला तिकडे अजून ‘आपोल्लो नुनब्यॉङ’ म्हणतात. 1969 साली माणूस चंद्रावर उतरला त्याच सुमारास घानामध्ये ती साथ सुरू झाली, त्यावरून हे नाव पडलं.

सहावी पायरी: त्रास सांगायला शिका

काही शब्द पाठच करा. ‘नून’ म्हणजे डोळा, ‘मुल’ म्हणजे पाणी, ‘नुन्मुल’ म्हणजे अश्रू. आपण ‘डोळ्यांत पाणी आलं’ म्हणतो, जवळजवळ तसंच. ‘इन्गोङ-नुन्मुल’ म्हणजे कृत्रिम अश्रूंचे थेंब, हे याक्कुकमध्ये मिळतात. लेन्स घातलेली असताना घालायचे असतील तर तसं सांगून घ्या. डोळे कोरडे पडण्याचा आजार ‘आन्गू-गॉन्जोज्जुङ’. हिवाळ्यात घरं जमिनीखालून तापवतात, हवा कोरडी होते. वसंतात पिवळी धूळ येते, ‘ह्वाङ्सा’. या दोन ऋतूंत बहुतेकांना हा शब्द लागतोच.

लाली ‘छुङ्ह्यॉल’. दुखणं ‘थोङ्ज्जुङ’. डोळ्यात कण गेल्यासारखं वाटणं ‘इमुलगाम’. चिपड ‘नुन्क्कोप’. उजवीकडे ‘ओरुन्जोक’, डावीकडे ‘वेन्जोक’. वाक्य जमलं नाही तरी बोट दाखवून दोन शब्द म्हटले की डॉक्टरांना पुरतं: ‘ओरुन्जोक, थोङ्ज्जुङ’.

दुखणं, लाली, प्रकाश सहन न होणं किंवा अंधुक दिसणं, यातलं काहीही झालं तर आधी लेन्स काढा, परत घालू नका, आणि त्याच दिवशी आन्क्वात जा. लेन्स आणि तिची डबी न धुता सोबत न्या, जंतू तपासायला त्यांचा उपयोग होतो.

हे सगळं एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावतं. वर दोन्ही डोळ्यांचे दोस्सू, बीसी, डीआयए. मध्ये तुमच्या लेन्सचा प्रकार आणि दोन्ही बाटल्यांची नावं. खाली गिजॉ-जिल्ह्वान आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल ते. प्रत्येक ओळ तीनदा लिहा: मराठीत, देवनागरीतल्या कोरियनमध्ये आणि हांगुलमध्ये. हांगुलची ओळ कोणा जाणकाराकडून तपासून घ्या. माझा तो विद्यार्थी असा कागद आता पाकिटात ठेवतो, आणि दुकानात तोंड उघडायच्या आधी तो काउंटरवर ठेवतो.