आंबा रस्त्यात कमी नासतो, थांबून जास्त: माल पाठवताना या चुका टाळा

मे महिन्यात देवगडातल्या कुठल्याही पडवीत जाऊन बसा, दोघांच्या नावाने शिव्या ऐकायला मिळतील: हवामानाच्या आणि रस्त्याच्या. आमच्याकडे वेगळं काही नाही. पुण्याहून फोटो येतो, पेटीत चार फळं काळी, आणि काका म्हणतात, "बग, परत रस्त्यान आंबो खाल्ल्यान." बरीच वर्षं मीही मान डोलावत आलो. मग एका हंगामात, खरं सांगायचं तर चिडून, एका पेटीचा पाठलाग केला.

पाठलाग म्हणजे फार काही नाही. क्रेटमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा टाकला आणि फळ ज्याच्या हाती जाईल त्याने त्यावर वेळ लिहायची, एवढंच सांगितलं. सकाळी सातला झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) फळ उतरलं. साडेदहापर्यंत क्रेट आंब्याच्या कलमाखालीच. तोवर सावली सरकून एका बाजूला ऊन आलं होतं. अकराला मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये. तिथे निवडणाऱ्या बायका आदल्या दिवशीच्या मालात अडकलेल्या, म्हणून पेटी बंद व्हायला रात्रीचे नऊ वाजले. टेम्पो भरेना म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला सुटला. फोंडा घाट चढून, कोल्हापूर करून पहाटे चारला पुण्यात. अकरापर्यंत गोदामात. दुपारी दोनला गिऱ्हाइकाच्या दारात.

एकूण ५५ तास. त्यात चाकं फिरत होती साडेचौदा तास. बाकीचे साडेचाळीस तास फळ कुठे ना कुठे उभं होतं, आणि त्यातले बहुतेक आमच्याच आवारात. ज्या घाटाला आम्ही वर्षानुवर्षं बोल लावत होतो, त्याच्या वाट्याला यातला तासभरही येत नाही.

पहिली चूक: वेग मोजणं आणि थांबणं न मोजणं

पुरवठा साखळीवर संशोधन करणाऱ्यांनी या थांबण्याचा हिशेब फार पूर्वी मांडला आहे. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ साली एक साधं नातं सिद्ध केलं: आवारात सरासरी जेवढा माल पडून असतो, त्याला रोज बाहेर पडणाऱ्या मालाने भागा, म्हणजे एका नगाला सरासरी किती थांबावं लागतं ते कळतं. मांगरात कधीही बघावं तर ३०० पेट्या दिसतात आणि रोज १०० निघतात, तर प्रत्येक पेटी सरासरी तीन दिवस तिथे बसून आहे. घड्याळ नको, संगणक नको. "माल भरपूर दिसतोय" याचा दुसरा अर्थ "माल अडकलाय" असाही असतो, हे आपल्याकडे कोणी म्हणत नाही; भरलेला मांगर बघून बरंच वाटतं.

त्याच साली इंग्लंडात गणितज्ञ जॉन किंगमन यांनी रांगेचं गणित मांडलं. माणसं किंवा यंत्रं पूर्ण क्षमतेच्या जवळ गेली की रांग हळूहळू वाढत नाही, ती उसळते. अगदी साध्या रांगेत ८० टक्के काम असताना थांबण्याचा वेळ ४ धरला, तर ९५ टक्क्यांना तो १९ होतो. म्हणजे काम वाढलं जेमतेम एकोणीस टक्क्यांनी, आणि थांबणं जवळजवळ पाचपट. आमच्या मांगरात रात्रीचे नऊ का वाजत होते, याचं उत्तर हे. बायका आळशी नव्हत्या. दहा जणींना पुरेल तेवढंच काम नेमकं दहा जणींना दिलं होतं, आणि एकीच्या मुलाला ताप आला की दिवस कोसळायचा. आता भर हंगामात दोन जणी जास्त सांगतो. काकांना ती मजुरी अजून फुकट गेल्यासारखी वाटते. कॅनिंगला, म्हणजे डबाबंद रसाच्या कारखान्याला कमी भावात, जाणाऱ्या फळांचे क्रेट कमी झालेत, ते मात्र ते बोलत नाहीत.

टेम्पो भरायची वाट बघणं

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.

भरलेला टेम्पो स्वस्त पडतो, हे खरंच. म्हणून प्रत्येक बागायतदार आपापला टेम्पो भरेपर्यंत थांबतो. समजा तीन शेजारी आहेत आणि प्रत्येकाकडे रोज तिसरा हिस्सा टेम्पो माल निघतो. प्रत्येकजण तिसऱ्या दिवशी टेम्पो काढतो. पहिल्या दिवशीचं फळ दोन दिवस थांबलं, दुसऱ्या दिवशीचं एक दिवस. आता तिघांनी मिळून रोज एक टेम्पो काढला तर? टेम्पो तेवढेच, भाडं तेवढंच, आणि थांबणं शून्य. इतकं सरळ आहे की लिहितानाही लाज वाटते. तरी वाडीत हे जमवायला आम्हाला दोन हंगाम लागले. अडचण गणिताची नव्हतीच. "त्याच्या पेट्या वर आणि माझ्या खाली का?" ही होती. शेवटी ठरलं: ज्याचा माल आधी उतरायचा त्याचा वर, आणि पेटीच्या कडेला प्रत्येकाच्या रंगाची पट्टी. पट्टीचा रंग निवडण्यावरूनही एक बैठक झाली, ते जाऊ दे.

तिघे जमत नसतील तर निदान ताळा तरी करा. अर्धा टेम्पो आज सोडला तर भाड्याचे किती जादा जातात, आणि दोन दिवस थांबलं तर किती फळ डागी किंवा कॅनिंगच्या भावात जातं. एकदम मोठी खेप की छोट्या छोट्या, हा तराजू अमेरिकी अभियंता फोर्ड हॅरिस यांनी १९१३ सालीच मांडला होता. त्यांच्याकडे साठवणीचा खर्च होता; आपल्याकडे साठवण स्वतःच पिकते.

फोनवरच्या ऑर्डरी खऱ्या मानणं

अक्षय्य तृतीयेच्या आधी आठ दिवस फोन थांबत नाही. त्या आकड्यावर खोके मागवले, माणसं सांगितली, शेजाऱ्याकडून फळ उचललं, की चौथ्या दिवशी निम्म्या ऑर्डरी विरून जातात. गिऱ्हाईक लबाड नसतं. मागच्या वर्षी त्याला आंबा मिळाला नव्हता, म्हणून यंदा तिघांकडे सांगून ठेवतं आणि पहिला जो देईल त्याच्याकडून घेतं.

याला जगभर चाबकाचा परिणाम म्हणतात. मूठ जराशी हलली की टोक केवढं फटकारतं, तसं. दुकानात डायपरचा खप जवळजवळ स्थिर, पण वितरकांच्या ऑर्डरी वरखाली, आणि कच्च्या मालाच्या त्याहून वरखाली, हे प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांना दिसलं आणि त्यावरून हे नाव रूढ झालं. मूळ कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांची; त्यावरचं त्यांचं पुस्तक पुन्हा १९६१ सालचं. (पुण्यात पानशेत फुटलं ते साल. माल अडण्याबद्दलचं शहाणपण मात्र त्या वर्षी जगात दुथडी भरून वाहत होतं.) १९९७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारणं वेगळी काढली: मागणीचा चुकीचा अंदाज, ऑर्डरी साठवून एकदम देणं, भावातली चढउतार, आणि टंचाईच्या भीतीने फुगवून मागणं. आपल्याकडे चारही एकाच आठवड्यात नांदतात.

उपाय साधे आहेत. थोडे का होईना, पैसे आगाऊ घ्या. पाच पेट्या सांगणाऱ्याला दोन आता, तीन पुढच्या आठवड्यात द्या. आणि यंदाचा अंदाज मागच्या वर्षी आलेल्या फोनवरून करू नका, मागच्या वर्षी पोचवलेल्या पेट्यांवरून करा. वहीत दोन्ही आकडे वेगळे लिहिलेले नसतील तर आजपासून लिहा.

सगळ्या वस्तू एकाच मापाने मागवणं

खोके कमी पडले तर ऑर्डर जाते. समजा २५० रुपयांचं नुकसान. खोका उरला तर पावसाळ्यात सादळून थोडा बाद होईल. धरा १० रुपये. २५० भागिले दोन्हींची बेरीज २६०, म्हणजे ९६ टक्के. अर्थ असा की शंभरातल्या ९६ दिवशी पुरतील इतके खोके ठेवावेत. आता पिकलेलं, आढीतून (पेंढ्यात पिकायला घातलेल्या ढिगातून) काढलेलं फळ घ्या. विकलं तर डझनाला १५० सुटतात, उरलं तर ३०० जातात. १५० भागिले ४५०, म्हणजे तिसरा हिस्सा. तीन दिवसांतून दोन दिवस गिऱ्हाइकाला "संपला" म्हणावं लागलं तरी तेच बरोबर. आकडे माझ्या सोयीचे आहेत, तुमचे घालून बघा. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं: खोके काटकसरीने मागवतात आणि पिका आंबा छातीठोक भरून ठेवतात.

स्वस्त वस्तूकडे दुर्लक्ष

एका संध्याकाळी आमच्या १४० पेट्या अडल्या त्या चिकटपट्टीवाचून. फळ होतं, खोके होते, टेम्पो दारात उभा. शेवटचा रोल संपला, आणि बाजारातलं दुकान सातला बंद झालेलं. पेट्या सुतळीने बांधून पाठवल्या आणि निम्म्यांची झाकणं वाटेत उघडली.

एमआयटीचे डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी फोर्ड कंपनीच्या पुरवठादारांचा अभ्यास केला, तेव्हा अशीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसली: ज्यांच्या बंद पडण्याने कारखान्याला सर्वांत मोठा फटका बसेल, त्यांतले अनेक पुरवठादार अगदी किरकोळ रकमेच्या वस्तू देणारे होते. त्यांची पद्धत आपल्यालाही जमते. प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहायचे. ही यायची बंद झाली तर आपण किती दिवस काढू? आणि पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागतील? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल तिथे खूण करा. पेंढा, खोके, जाळी, चिकटपट्टी, टेम्पोचा एकुलता एक चालक, आणि घाट. २०२४च्या जानेवारीत करूळ घाट कामासाठी बंद झाला तेव्हा ज्यांना दुसऱ्या घाटाचं भाडं आणि वेळ आधीच माहीत होती, त्यांचं फारसं अडलं नाही. चिपळूणच्या व्यापाऱ्यांना हे सांगायला नको. २००५ आणि २०२१ या दोन्ही जुलैंतल्या पुरात ज्यांचा सगळा माल तळमजल्यावर होता, त्यांनी सगळाच गमावला.

तक्रारीचा फोटो आला की आधी हे बघा

एका बाजूने चपटं आणि मऊ: दाब. वरच्या थराचा भार खोक्याने पेलला नाही. आपल्या दमट हवेत पुठ्ठा ओल पितो आणि त्याची ताकद जाते. खोके जमिनीवर रचू नका, फळी घाला. आणि आत फळ हलणार नाही इतका पेंढा.

देठाकडून काळं पडत गेलेलं: ही बुरशी बागेतूनच सोबत येते. देठ ठेवून काढणी करा. काढणीनंतर साधारण ५० ते ५२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवण्याची शिफारस आहे. तापमापी हवीच, हाताने अंदाज चालत नाही.

सालीवर ओघळल्यासारखे डाग: चीक. देठ मोडून फळ तसंच क्रेटमध्ये टाकलं.

साल राखाडी, फळ पिकतच नाही: थंडी बाधली. हापूस साधारण १२-१३ अंशांच्या खाली फार वेळ राहिला की त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते. मासळी पोचवून परतणारा थंड टेम्पो स्वस्तात मिळाला म्हणून एकदा हा उद्योग आम्हीही केला. फळ राखाडी झालं ते झालंच, पुण्याच्या वहिनींनी "आंब्याला बांगड्याचा वास येतोय" असंही कळवलं. उलट टोकाला ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की फळाचा श्वासोच्छ्वास साधारण दुप्पट-तिप्पट होतो. दुपारी ताडपत्रीखाली उभा टेम्पो म्हणजे चालती आढी. मासेमार होडीवरच बर्फ लावतात, बंदरात पोचायची वाट बघत नाहीत. आपण मात्र फळ कलमाखाली ठेवून आधी न्याहारी करतो.

एकाच पेटीत काही पिकी, काही दगड: दोन दिवसांची काढणी किंवा बारा आणे आणि चौदा आणे (म्हणजे कमी-जास्त तयार झालेलं) फळ एकत्र भरलं. यावर कार्बाइडचा "उपाय" कोणी सुचवला तर त्यावर बंदी आहे हे सांगा. इथिलीन वायू नियमात बसतो, तोही १०० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत शंभर).

वरून सुरेख, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखं: हा साका. तो झाडावरच धरतो आणि बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाइकाला फळ बदलून द्या आणि कुठल्या कलमाचं होतं ते वहीत लिहा. टेम्पोवाल्याला मात्र फोन करू नका.