लग्नाचे फोटो पाव्हण्यांपर्यंत पोचवताना

फोटोग्राफरकडून पेनड्राइव्ह आला की आधी सगळा डेटा लॅपटॉपवर आणि एका हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. मूळ पेनड्राइव्ह कुणालाच देऊ नका. तो घरोघरी फिरला की एखादं फोल्डर कधी उडालं ते कळतही नाही.

हळद, परण्या, अक्षता, पाठवणी, नंतरचा गोंधळ धरून हजार-दोन हजार फोटो सहज होतात आणि ते सगळे कुणीच बघत नाही. सगळ्यांसाठी दीडशेच्या आसपास निवडा. मग घरागणिक फोल्डर करा, 'मामा औसा', 'आत्या गेवराई' असं. आहेराच्या रांगेतला स्टेजवरचा फोटो प्रत्येक घराचा असतोच. त्याच्याशिवाय पंगतीत वाढणारा चुलता, मुंडावळ्या बांधणारी आजी, मांडवात झोपलेलं लेकरू असे फोटो शोधून काढा, कारण लोक आधी आपलं माणूस बघतात. नवरीकडची मंडळी नवरदेवाकडच्यांना ओळखू येत नाहीत, तेव्हा निवड करताना दोन्हीकडचं एकेक जाणतं माणूस सोबत बसवा.

व्हॉट्सॲपवर गॅलरीतून पाठवलेला फोटो आकसतो. मोबाइलवर तो छान दिसतो, पण फ्रेम करायला गेलं की चेहरे पुसट येतात. छापायचे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. 2 जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. 4 बाय 6 इंचाच्या उत्तम प्रिंटला 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात, 12 बाय 18 ला 3600 बाय 5400.

गूगल फोटोजचा शेअर केलेला अल्बम सोयीचा, मात्र फुकटच्या 15 जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही येतात. जागा भरली की मेल येणं बंद होतं, म्हणून लग्नासाठी वेगळं खातं काढलेलं बरं. अल्बममध्ये इतरांना फोटो टाकायची मुभा द्या. फोटोग्राफरच्या नजरेतून सुटलेलं पाव्हण्यांच्या मोबाइलमध्ये हमखास सापडतं. लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला अल्बम उघडता येतो, त्यामुळे ती गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

व्हिडिओची अडचण वेगळीच. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट32 या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात 4 जीबीची एक फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह 32 जीबीचा आणि रिकामा असला तरी. मोठ्या फाइली घेणाऱ्या एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट केला तर जुना टीव्ही तो वाचेलच असं नाही. त्यापेक्षा एडिटिंगवाल्याकडून हळद, लग्न, वरात असे 4 जीबीच्या आतले एमपी4 तुकडे करून घ्या.

बीड-धाराशिवकडची कितीतरी माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथी त्यांना हुकतात. फडावर रेंज धड नसते. त्यांना अल्बमची लिंक न पाठवता दहा-पंधरा फोटो गॅलरीतूनच पाठवा, इथे आकसलेला फोटोच कामाचा. सोबत कोणत्या फोटोत कोण आहे ते सांगणारा आवाजी मेसेज टाका आणि ती माणसं परत येईपर्यंत प्रिंट काढून ठेवा.

म्हाताऱ्या माणसांना प्रिंटच द्या. फोटोत कोण आहे ते मागे लिहून ठेवा. मागच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, बॉलपेनचा वळ पुढे चेहऱ्यावर दिसतो. बारीक टोकाच्या पर्मनंट मार्करनं नावं, गाव, तारीख लिहा. शाई पुरती वाळल्याशिवाय फोटो एकावर एक रचू नका, खालच्या फोटोला डाग लागतो.