विज्ञानकथेत तलवार कशी आणावी

अंतराळयानात वावरणाऱ्या पात्राच्या कमरेला तलवार लटकवणे सोपे असते. ती तिथे का आहे, हे वाचकाला पटवणे अवघड. म्हणून मुठीवरच्या नक्षीकडे वळण्यापूर्वी, त्या जगात अधिक प्रभावी शस्त्र का चालत नाही, हे ठरवून घ्यावे. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ सालच्या ‘ड्यून’मध्ये याचे चोख उत्तर आहे : अंगाभोवतीचे ऊर्जेचे कवच वेगाने येणारी वस्तू अडवते, सावकाश शिरणारे पाते मात्र अडवत नाही. या एकाच नियमामुळे सुऱ्याला पुन्हा महत्त्व येते आणि द्वंद्वाची लयही बदलते, कारण लढणाऱ्याला ऐन क्षणी हात मंदावावा लागतो. ही युक्ती उचलू नये, पण आपला नियम इतकाच फलदायी असावा.

निर्वात पोकळीत बंदूक उडत नाही, हे कारण देऊ नये. दारूत ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन असतोच. गोळीने यानाची भिंत फुटण्याची किंवा हवेची नळी तुटण्याची भीती अधिक पटते. मात्र वजनरहित अवस्थेत तलवारही निमूटपणे वागत नाही. पाय रोवायला जागा नसेल, तर जोराने फिरवलेला वार मारणाऱ्यालाच उलट दिशेने गरगरवतो. तिथे एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने भोसकलेला आखूड खंजीर अधिक खरा वाटेल, आणि माझ्या मते अधिक भयानकही.

वजनाबाबत लेखक फार उदार असतात. प्रत्यक्षातल्या बहुतेक लढाऊ तलवारी साधारण १ ते १.५ किलोच्या असत, त्यामुळे ‘अवजड पाते कसेबसे उचलले’ हे वाक्य खोडावे. अद्भुतकथेत जादूच रोजची असेल, तर तिथे चकमकीच्या (गारगोटीच्या) ठिणगीने उडणारे पिस्तूलही जुने, देखणे शस्त्र ठरू शकते : एकच बार, मग पुन्हा भरण्याची खटपट, आणि दारू दमट झाली की तेही नाही.

कारण युद्धाचेच असावे लागते असे नाही. जपानमध्ये बंदुका १५४३ साली पोहोचल्या, तरी तलवार सामुराईंच्या प्रतिष्ठेची खूण म्हणून टिकली आणि ती उघडपणे बाळगण्यास बहुतेक सर्वांना बंदी आली ती १८७६ साली. आपल्या कल्पित समाजातही शस्त्र बाळगण्याचा हक्क कोणाला आहे, तो कोण काढून घेऊ शकतो, हे ठरले की म्यानातली तलवारही प्रसंगात ताण निर्माण करते.

देखणेपण विशेषणांतून आणू नये, निगेतून आणावे. लढाई संपल्यावर पात्राला पाते पुसायला लावावे, तेल लावायला लावावे, धारेवर पडलेला खाच बोटाने चाचपायला लावावा. दमलेल्या हातांनी तो हे कोणत्या क्रमाने करतो, यातच त्याची तालीम दिसते.