पेरूला जाताय? निदान या चुका तरी टाळा

पेरूचा बेत ठरला की ओळखीतले लोक मला त्यांचा कार्यक्रम पाठवतात, "एकदा नजर टाका" म्हणून. बहुतेकांचे पहिले तीन दिवस सारखेच असतात. पहिल्या दिवशी लिमाहून सकाळच्या विमानाने कुस्को आणि दुपारी शहर. दुसऱ्या दिवशी रंगीत पट्ट्यांचा विनिकुंका डोंगर, तिसऱ्या दिवशी इंका लोकांची जुनी डोंगरनगरी माचू पिच्चू. हे वाचलं की मी लगेच फोन करते, कारण माणसं आजारी पडायचा याहून खात्रीचा रस्ता मला माहीत नाही.

उंचीला किरकोळ समजणं

लिमा समुद्रकिनाऱ्यावर आहे. तिथून सव्वा तासाच्या विमानप्रवासात तुम्ही सुमारे 3,400 मीटरवर, कुस्कोत उतरता. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे कुस्को त्याच्या दुपटीहून उंच. विनिकुंका तर 5,000 मीटरच्याही वर आहे. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात, आणि व्यायामाने ती सवय आधी करून ठेवता येत नाही. ट्रेकिंग करणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट पटत नाही.

विनिकुंकाला जाणाऱ्या एका गाडीत मला पुण्याचं एक कुटुंब भेटलं होतं. आदल्या दिवशी दुपारी कुस्कोत उतरलेले. उतरल्याउतरल्या भरपेट जेवण, वर बिअर, मग पायी साक्सायवामान या शहरावरच्या इंका किल्ल्याचा चढ, आणि पहाटे गाडीत. मुलीचं डोकं रात्रीपासून दुखत होतं. साठीतल्या वडिलांना मी म्हटलं, आज वर जाऊ नका. ते म्हणाले, "अहो ताई, दर रविवारी सिंहगड चढतो मी. मला काय होतंय!" गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले आणि जाकिटाची चेन लावायला लागले. चेनचं टोक खाचेत जाईना. तीनचारदा प्रयत्न केला, मग ते नुसतेच चेनकडे बघत उभे राहिले. ओठ निळसर झालेले. दोन पावलं टाकली ती झोकांड्या खात.

उंचीवर माणसाचा तोल जाऊ लागला की तो थकवा समजायचा नसतो. मेंदूला सूज येत असल्याची ती खूण असू शकते. त्यावर मुख्य उपाय म्हणजे ताबडतोब खाली आणणं. गाईड जाणता होता. त्याने ऑक्सिजन लावला आणि गाडी तिथूनच माघारी वळवली. दवाखान्यात बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सत्तर टक्क्यांच्या खाली होता. दोन दिवसांत ते बरे झाले, पण त्या दोन दिवसांत त्यांची माचू पिच्चूची तारीख निघून गेली. मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसून रडत होती. ज्यासाठी सगळे इतक्या लांब आले, तेच राहिलं.

माझी पद्धत ठरलेली आहे. कुस्कोच्या विमानतळावर उतरायचं आणि शहरात न थांबता थेट उरुबाम्बाच्या खोऱ्यात जायचं. त्या खोऱ्यातलं ओयांताइताम्बो गाव साधारण 2,800 मीटरवर आहे. दोन रात्री तिथे, मग माचू पिच्चू, जे 2,430 मीटरवर म्हणजे कुस्कोच्या बरंच खाली आहे. कुस्को शेवटी. विनिकुंका करायचाच असेल तर अगदी शेवटच्या दिवसांत. वेळ असेल तर लिमाहून आधी अरेकिपा (2,335 मीटर), मग तितिकाका सरोवराकाठचं पुनो (3,800 मीटरच्या आसपास) आणि तिथून कुस्को, हा क्रम मला त्याहून आवडतो. पहिल्या दिवशी जेवण हलकं, दारू नाही, चाल सावकाश. उंचीचा त्रास टाळायच्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, मित्राच्या सांगण्यावरून नाही. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, पिऊन बरं वाटतं, पण "चहा घेतला, आता काही होत नाही" असं समजू नका.

या क्रमाचा आणखी एक फायदा म्हणजे ओयांताइताम्बो नीट पाहून होतं. माचू पिच्चूची आगगाडी तिथून मिळते, म्हणून लोक त्याला नुसतं रेल्वे स्टेशन समजतात. तिथल्या अपूर्ण राहिलेल्या सूर्यमंदिराच्या सहा अजस्र शिळा नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणलेल्या आहेत, आणि गावातल्या दगडी गल्ल्यांच्या कडेने इंका काळातले पाण्याचे पाट आजही वाहतात. सकाळी सातच्या आत एकदा त्या गल्ल्यांतून चाला.

माचू पिच्चूचं तिकीट सगळ्यात शेवटी काढणं

विमान झालं, हॉटेल झालं, आगगाडी झाली, आणि मग "आता ते प्रवेशाचं तिकीट तेवढं काढू". हा क्रम बरोबर उलटा हवा. रोजची माणसं ठरलेली, प्रवेशाची वेळ ठरलेली आणि आतला मार्गही ठरलेला असतो. 2024 पासून तीन सर्किट आणि त्यांतले वेगवेगळे मार्ग अशी विभागणी आहे. पहिलं सर्किट वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवरून जातं. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असलेला तो फोटो मिळतो, पण नगरीच्या आत जाता येत नाही. तिसरं खालच्या भागातून जातं, तिथून तो फोटो मिळत नाही. नगरीमागच्या वायना पिच्चू या सुळक्याचा चढ याच तिसऱ्यात येतो. दुसऱ्यात दोन्ही मिळतं, म्हणून तेच आधी संपतं.

"आत शिरल्यावर बघू, इकडून तिकडे जाऊ" हे तिथे चालत नाही. मार्ग एकेरी आहेत, रखवालदार उभे असतात, आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा प्रवेश नाही. तिसऱ्या सर्किटचं तिकीट हातात घेऊन "पण तो फोटो कुठून काढायचा?" असं विचारणारी आपली माणसं मी दारात पाहिली आहेत, आणि दर वेळी पोटात तुटतं.

आपल्याकडची खास अडचण नावाची. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तिकिटावर ते गाळलेलं असतं. मधल्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण झालं तर क्रमांकही बदलतो. दारात मूळ पासपोर्ट आणि तिकीट ताडून पाहतात, तेव्हा पासपोर्ट समोर उघडा ठेवून अक्षरन् अक्षर तसंच भरा. आधी तिकीट, त्याच्या वेळेला जुळेल अशी आगगाडी, मग हॉटेल, आणि शक्य असेल तर विमानही त्यानंतर. दुसऱ्या दिवसाची काही तिकिटं पायथ्याच्या आग्वास कालियेन्तेस गावात रांग लावून मिळतात, पण इतक्या दुरून येणाऱ्याने त्या भरवशावर निघू नये.

स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे, आत नाही. सोबत आजीआजोबा असतील तर हे आधीच सांगून ठेवा.

आगगाडीचे पैसे वाचवायला काही जण जलविद्युत केंद्रापर्यंत व्हॅनने जाऊन पुढे रुळांच्या कडेने दहाएक किलोमीटर चालतात. कोरड्या दिवसांत, पाठीवर थोडंच ओझं असलेल्या तरुणांनी करावं. पावसात ते घाटरस्ते आणि दरडी, माझा सक्त विरोध आहे. जानेवारी 2010 च्या पुरात रेल्वेमार्ग वाहून गेला आणि हजारो पर्यटक तिथे अडकून पडले होते, त्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं.

आणखी काही

नाताळच्या सुट्टीत जाणं: तो तिथला पावसाळा. फेब्रुवारीत इंका ट्रेल, म्हणजे माचू पिच्चूला जाणारी जुनी पायवाट, बंदच असते. आपली मे महिन्याची सुट्टी मात्र छान जुळते.

कुस्कोचा बोलेतो तुरिस्तिको (अनेक ठिकाणांचं एकत्र तिकीट) घेऊन सगळं झालं असं समजणं: त्यात साक्सायवामान, पिसाक, मोराय, ओयांताइताम्बो येतात. मारासची मिठागरं आणि कुस्कोतलं इंकांचं सूर्यमंदिर कोरिकांचा यांचं तिकीट वेगळं. कोरिकांचा पैसे वाचवायला टाळू नका. 1950 च्या भूकंपात इंकांच्या भिंतींवर उभारलेल्या चर्चची पडझड झाली, खालच्या भिंती तशाच उभ्या राहिल्या. तो सांधा जवळ जाऊन पाहा, दोन दगडांमध्ये नख शिरत नाही.

लिमाहून एका दिवसात नाझ्का (वाळवंटात जमिनीवर कोरलेल्या अवाढव्य रेषा, त्या विमानातून पाहतात): साडेचारशे किलोमीटर जाऊन तितकेच परत यायचं. इका किंवा पाराकासला मुक्काम करा. विमान लहान असतं आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना रेषा दिसाव्यात म्हणून सारखं कलंडतं, तेव्हा भरल्या पोटी बसू नका.

"मांस नको" एवढंच सांगणं: ताटात चिकन येतं. चिकन नको, मासे नको, सूपमध्ये हाडांचा रस्सा नको, हे प्रत्येक वेगळं सांगा. किनोआचं सूप, बटाट्याचे नाना प्रकार, मका यांवर शाकाहारी माणूस मजेत राहतो. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. बाजारात किविचा मागा, आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातला दाणा आहे.

फाटक्या डॉलरच्या नोटा नेणं: कोपरा जरी फाटला असेल तरी घेत नाहीत.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस विसरणं: ही परतताना नडते. भारताच्या पीतज्वर-प्रभावित देशांच्या यादीत पेरू आहे. लशीचा दाखला नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. केंद्रांवर वार आणि वेळा ठरलेल्या असतात, म्हणून मी महिनाभर आधीच उरकते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची अॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि निघताना बॅग एकदा पूर्ण रिकामी करून भरा. कोकाची पानं, त्या चहाच्या पुड्या, कोकाच्या गोळ्या पेरूत दुकानोदुकानी मिळतात, म्हणून लोक भेट म्हणून पाकिटंच्या पाकिटं घेतात. भारतात कोकाचं पान 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, आणि वाटेत जिथे विमान बदलाल तिथलाही कायदा लागतोच. हॉटेलच्या खोलीतून उचललेली एखादी पुडी जाकिटाच्या खिशात राहिली असेल, तीसुद्धा काढून टाका.